घरमालकांचा समुद्र

"मासे खाता का?"

आमच्या घरमालकांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठं हेही नाही. आम्ही त्यांच्या फाटकातून अजून नीट आतसुद्धा आलो नव्हतो.

तेव्हा आम्ही दोघं निगडीच्या प्राधिकरणात भाड्याची जागा शोधत हिंडत होतो. आमचे हे भोसरीला एका कंपनीत लेथवर होते आणि मला चिंचवडला शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. प्राधिकरणात घरं भराभर उठत होती. अजून गिलावा न झालेल्या भिंतींवर 'खोली भाड्याने देणे आहे' असं खडूनं लिहिलेलं असायचं. पण आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की समोरच्या माणसाचा चेहरा जरासा आखडायचा आणि खोली नेमकी कालच गेलेली असायची. काही जण आडनाव विचारण्याऐवजी खाण्यापिण्याचं विचारायचे. तो प्रश्न कुठं जाऊन थांबतो हे आम्हाला पाठ झालं होतं. म्हणून त्या दुपारी ह्यांचं डोकं फिरलं.

"खातो," हे म्हणाले. "मासे खातो, मटण खातो, सुकट खातो. काय म्हणणं आहे?"

"सुकट नको," ते गृहस्थ अगदी गंभीरपणे म्हणाले. "ताजी कोळंबी सोलता येते का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं माहेर महाडकडचं. मी म्हणाले, येते.

"मग आणा की सामान," ते म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

खोल्या मिळाल्याच्या आनंदात, कोळंबीची ही काय भानगड आहे ते विचारायचं राहूनच गेलं. तिथंच फसलो.

घरमालक कराडकडचे. एका कारखान्यात मेंटेनन्सला फोरमन होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यांच्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पदर नाकाला लावायच्या. अशा माणसानं चाळिशी उलटेपर्यंत समुद्र बघितला नव्हता. मग कारखान्याची सहल मुरुडला गेली. बाकीची मंडळी पाण्यात डुंबली, फोटो काढून घेतले, शहाळी प्याली. घरमालक मात्र ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकांत एका खळग्यापाशी उकिडवे बसले, ते दिवसभर तिथंच. खळग्यात बोटाएवढा एक निळ्या पट्ट्यांचा मासा होता. बसवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी दोन माणसं पाठवली आणि त्यांना उचलून आणलं.

घरी आल्यावर ते काकूंना म्हणाले, "आपल्याकडं समुद्र पाहिजे."

काकूंना वाटलं, भिंतीवर लावायला चित्र पाहिजे असेल. "लावा की," असं त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांचा पश्चात्ताप त्या पुढं रोज करत होत्या.

आम्ही राहायला गेलो तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत, आमच्या भिंतीला लागून, विटा-सिमेंटची एक टाकी बांधून तयार होती. तीन बाजूंनी भिंती आणि चौथ्या बाजूला कुठल्याशा दुकानाच्या शोकेसमधून काढलेली जाड काच. तिची लांबी खोलीएवढीच होती. पाहुण्यांना बसायला मग जागा कुठं, असं मी एकदा विचारलं. "पाहुणे जातात," ते म्हणाले. "मासे राहणार आहेत."

सिमेंटमधला चुना निघून जावा म्हणून ती टाकी गोड्या पाण्यानं भरायची, ओतायची, पुन्हा भरायची, असं चाललं होतं. नळाला पाणी यायचं सकाळी एकदा, तेही सुतासारखं. मी घागर घेऊन उभी राहिले की आतून आवाज यायचा, "बाई, जरा थांबा, टाकी अर्ध्यावर आलीये." मी थांबायचे. शाळेची घंटा काही थांबायची नाही. माझ्या मुख्याध्यापिकेला मी काय सांगणार होते, की आमच्याकडं समुद्र धुवायचं काम चालू आहे?

मग खारं पाणी. मुंबईला माल घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या हाती त्यांनी आधी कॅन दिले. ते पाणी आलं, त्यावर डिझेलचा तवंग. त्यात सोडलेले पहिले मासे संध्याकाळपर्यंत आडवे झाले. घरमालकांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. पुढच्या खेपेपासून ते स्वतः ट्रकमध्ये बसून अलिबागच्या पुढं जायला लागले. तिथल्या कोळ्यांशी त्यांनी दोस्ती केली आणि पाणी, वाळू, जिवंत दगड, जे मिळेल ते घाट चढवून घरी आणायला लागले. जिवंत दगड म्हणजे ज्यांच्यावर फुलासारखी उमलणारी जिवंत समुद्रफुलं, शिंपल्या, किडेमकोडे असं सगळं गावच वसलेलं आहे असे दगड. ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेले असायचे. आमच्या न्हाणीत ठेवायचे, कारण त्यांच्या न्हाणीत काकू ठेवू द्यायच्या नाहीत. अंगाला साबण लावलेला असताना कोपऱ्यातल्या गोणपाटातून एक खेकडा माझ्याकडं बघतोय, हे मी अनुभवलेलं आहे.

पाण्याचा खारेपणा मोजायला त्यांनी गवळ्याकडून दुधाचा लॅक्टोमीटर आणला. दुधात पाणी किती ते जसं कळतं तसंच पाण्यात मीठ किती ते कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही निघालं. पण हातात लॅक्टोमीटर आल्यावर त्यांनी तो सवयीनं दुधातही बुडवला. त्यात जे दिसलं ते त्यांनी गवळ्याला गल्लीत उभं राहून मोठ्यानं सांगितलं. गवळ्यानं त्यांचं दूध बंद केलं आणि बरोबर आमचंही. तोवर आम्हाला मुलगी झाली होती; ती तान्ही माझ्या कडेवर आणि दुधासाठी मी आकुर्डीपर्यंत चालत जातेय. मी तक्रार केली तर म्हणाले, "पण आपला समुद्र बरोबर निघाला बघा."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी पाणी बसू दे." नव्या टाकीत लगेच मासे सोडायचे नसतात, काही आठवडे पाणी तसंच फिरू द्यायचं असतं, हे ते धडपडून शिकले होते. पण मग ते वाक्य त्यांनी सगळ्या आयुष्याला लावलं. आमच्या भिंतीला टाकीच्या ओलीनं लोणा फुटला, गिलाव्याचे पापुद्रे पडून पिठाच्या डब्यात जायला लागले. "दुरुस्त करू की, आधी पाणी बसू दे." छप्पर गळतंय. पाणी बसू दे. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं काकूंनी काढलं, तर तेच. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "ह्यांचं पाणी बसेपर्यंत पोरगी म्हातारी होऊन बसंल."

आणि कोळंबी. माशांना रोज कोळंबीचे बारीक तुकडे लागायचे. काकूंच्या स्वयंपाकघरात कोळंबी जाणं शक्यच नव्हतं. घरमालक पिंपरीच्या बाजारातून ती पिशवीत आणायचे, हात लांब धरून, तोंड वळवून, जणू पिशवी दुसऱ्याच कुणाची आहे. मागच्या दारानं ती माझ्या ओट्यावर यायची. मी शाळेतून आल्यावर सोलायची, कातरायची, वाटीत घालायची आणि दोन्ही घरांमधलं दार ठोठावायचं. ते वाटी घ्यायचे. काकू त्या वेळी देवघरात असायच्या.

काकूंचं माझ्याशी वाकडं नव्हतं. सणाला पुरणपोळी यायची, आमच्या मुलीला ताप आला तर त्या दारात उभ्या राहून विचारपूस करायच्या. दारातच. आमच्या घरात त्या कधी बसल्या नाहीत आणि आमच्याकडचं पाणी त्यांनी कधी घेतलं नाही. आम्हीही विचारायचं सोडून दिलं होतं.

सगळ्यात वाईट वार गुरुवार. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, आणि वीजही गुरुवारीच जायची. वीज गेली की हवेचा पंप बंद, आणि हवा बंद तर मासे गुदमरणार. ह्यावर त्यांनी ट्रकच्या ट्यूबांचा तोडगा काढला होता. फुगवलेल्या ट्यूबा दिवाणावर रचून ठेवायच्या आणि एकेकीच्या तोंडातून बारीक नळीनं हवा टाकीत सोडायची. ट्यूब संपली की हातपंपानं पुन्हा भरायची. ह्या कामाला घरात आलेला कुणीही चालायचा. पोस्टमननं पंप मारलाय. विम्याचा एजंट एकदा आला, अर्धा तास पंप मारून घामाघूम झाला आणि विम्याचं न बोलताच गेला. आमचे हे रात्रपाळी करून सकाळी आले की उंबऱ्यावरच त्यांच्या हातात पंप.

"माणसाचं काय, भाऊ," घरमालक म्हणायचे. "खिडकी उघडली की हवा. माशानं कुठं जायचं?"

आम्ही मारायचो पंप. आणि खोटं कशाला सांगू, वीज आल्यावर टाकीतला दिवा लागायचा, मिटलेली समुद्रफुलं हळूहळू उघडायची, दगडाच्या आडून ते निळ्या पट्ट्यांचे मासे एकेक करून बाहेर यायचे. तेव्हा ह्यांच्या हातातला चहा तसाच गार व्हायचा. मीसुद्धा मुलीला दाखवायच्या निमित्तानं जायचे. पण हे मी घरमालकांना कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यांनी आणखी एक टाकी बांधली असती.

असं चाललं असताना एकदाचे त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. तळेगावची मंडळी होती, नात्यागोत्यातली, खाऊनपिऊन सुखी. काकूंनी किती दिवसांपासून तयारी केली होती. पण सगळ्यांना सुट्टीचा वार सोयीचा, म्हणून ठरला गुरुवार.

मला सुट्टी नसायची, पण त्या दिवशी शाळा अर्ध्या दिवसाची होती. मी मागं ओट्यावर कोळंबी सोलत होते. मधलं दार वाटीसाठी अर्धवट उघडं होतं, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. मुलगी पोहे घेऊन आली आणि वीज गेली. पंपाची घरघर थांबली. मुलाचे मामा बोलत होते, त्यांचं वाक्य अर्ध्यावर तोडून घरमालक उठले. ट्यूबा निम्म्या रिकाम्याच होत्या.

"मामा, तुम्ही जरा दणकट दिसताय," मला ऐकू आलं. "हा पंप धरा बरं."

मामांनी धरला. थोडा वेळ फुसफुस ऐकू आली. मग मामांचा आवाज, "हा वास कसला येतोय हो?"

"कोळंबीचा. मागच्या बाई सोलताहेत."

"मागच्या म्हणजे कोण?"

घरमालकांनी आमचं आडनाव सांगितलं. फुसफुस थांबली.

"असली माणसं घरात ठेवलीत तुम्ही?"

माझा हात तसाच राहिला. घरमालक काय म्हणतात ते ऐकायला मी दाराकडं सरकले.

"मग काय करू?" घरमालक म्हणाले. "आमच्यात कुणाला येते का कोळंबी सोलता?"

पाहुणे पोहे अर्धवट टाकून गेले. मी वाटी ओट्यावर ठेवली आणि संध्याकाळी ते ती न्यायला आले तेव्हा सांगितलं, "काका, उद्यापासून मी सोलणार नाही."

"का? हात दुखतोय?"

"मी तुमच्या घरात कोळंबी सोलायला राहते का?"

त्यांनी खरोखरच विचार केला. "पहिल्या दिवशी मी तेच तर विचारलं होतं," ते म्हणाले.

मला रडू यायला लागलं होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. "ते 'असली माणसं' म्हणाले. त्यावर तुम्हाला एवढंच बोलायला सुचलं?"

ते वाटी न घेताच गेले. रात्री हे म्हणाले, "आता खोली सोडावी लागणार." आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा हिंडायला लागलो. आडनाव सांगायचं, 'खोली कालच गेली' ऐकायचं आणि परत यायचं.

त्याच आठवड्यात सकाळी मी घागर घेऊन नळावर गेले तर गल्लीतल्या बायका घागरी विसरून एकाच दिशेला बघत होत्या. घरमालक पुढच्या पायरीवर बसले होते. नाकाला रुमाल बांधलेला, हातात वेल्डिंगचे चामडी मोजे, पुढ्यात वर्तमानपत्रावर कोळंबीचा ढीग. भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. समोरचे गृहस्थ चालता चालता थबकले. "हे काय हो काका?"

"कोळंबी. या, बसा."

गृहस्थ बसले नाहीत. काकूंनी आतून दार लावून घेतलं. मग बाहेरच्या नळावर आंघोळ केल्याशिवाय त्या त्यांना घरात घेईनात. असं रोज चाललं. मोजे घालून जमेना म्हणून त्यांनी ते काढले, तर कोळंबीचा काटा बोटात शिरून बोट सुजलं. निम्मं मांस सालाबरोबर जायचं. मी जाता-येता बघत होते आणि बघवत नव्हतं. शेवटी एकदा थांबलेच.

"अहो, डोकं आधी काढा. मग पोटाकडून साल सोडवा. असं ओरबाडू नका."

त्यांनी तसं करून बघितलं. मान वर न करता म्हणाले, "बाई, त्या मामांना काय सांगायला पाहिजे होतं ते मला नंतर सुचलं."

"नंतर सुचून काय उपयोग?"

"म्हणून काल तळेगावला जाऊन आलो."

मी घागर खाली ठेवली. "कशाला?"

"सांगायला. म्हटलं, घर माझं आहे. त्यात राहतात ती माझी माणसं आहेत. त्यांना नावं ठेवायची असतील तर तुमची सोयरीक मला नको. आणि म्हटलं, पंपही तुम्हाला धड मारता आला नाही."

मला हसावं की कपाळाला हात लावावा ते कळेना. काकूंनी मध्यस्थ घालून ती सोयरीक पुन्हा जुळवत आणली होती, ती घरमालकांनी स्वतः बसचं तिकीट काढून जाऊन मोडली होती. घरात विचारलं नव्हतं, मुलीला विचारलं नव्हतं. मुलीला मी नंतर गाठून विचारलं, तर ती म्हणाली, "सुटले बाई. त्या घरात रोज तो मामा होता." पुढं तिचं सांगलीला चांगलं झालं. पण त्या दिवशी काकूंच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

आम्ही खोल्या शोधणं थांबवलं. कोळंबी मी पुन्हा सोलायला लागले, पण मागच्या ओट्यावर नाही. पुढच्या पायरीवर, त्यांच्या शेजारी बसून. ते सोलायचे, मी त्यांनी वाया घालवलेलं बघून चिडायचे.

टाकी फुटली ती एका सणाच्या सुट्टीला, सकाळी. मी घरात जमिनीवर पाचवीचे भूगोलाचे पेपर पसरून तपासत बसले होते. पलीकडं घरमालक टाकीतला एक मोठा दगड सरकवत होते. कुठल्याशा माशाला ऊन लागतंय असं त्यांना वाटलं. दगड हातातून सुटला आणि काचेवर गेला. आधी बंदुकीसारखा आवाज आला आणि मग मधल्या दाराखालून समुद्र आमच्या खोलीत शिरला. पाचवी 'ब' चे नद्या-डोंगर माझ्या डोळ्यांदेखत पलंगाखाली वाहत गेले. एक मासा माझ्या पायापाशी तडफडत होता.

मी त्याला ओंजळीत घेऊन त्यांच्या खोलीत धावले. काच वरून निम्म्यापर्यंत गेली होती, तळाचं पाणी अजून शिल्लक होतं. घरमालक गुडघ्यांवर, मनगट कापलेलं, जमिनीवरचे मासे वेचताहेत. आमचे हे कॅन उघडताहेत. "भांडी आणा!" घरमालक ओरडले. मी सैपाकघराच्या दाराशी असलेला काकूंचा पाण्याचा हंडा उचलला.

"तो नको!" काकू आतून किंचाळल्या. "तांब्याचा हाय तो! तांब्यानं मरतात ती!"

मी थांबून त्यांच्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्या टाकीपुढं उभ्या राहिलेल्या मी एकदाही बघितल्या नव्हत्या. आता त्या फळीवरचे स्टीलचे डबे खाली ओढत होत्या आणि ज्वारी, डाळ, तांदूळ भराभर एका लुगड्यावर ओतत होत्या. "हे घ्या. हे घ्या. अहो, हात काय बघता, त्याला धरा आधी, तो दाराकडं चाललाय!"

बरेचसे वाचले. काकूंच्या सैपाकघरात, फळीवर, ओट्यावर, जमिनीवर, डब्या-पातेल्यांतून मासे. परातीत समुद्रफुलांचे दगड. हवेच्या नळ्या देवघराच्या कडेनं फिरवलेल्या. पुण्याहून नवी काच येईपर्यंत घरमालकांनी तिथं स्टो पेटवायला बंदी घातली. पाणी तापेल म्हणे.

काकूंनी पहिला दिवस केळ्यांवर काढला, त्यानंतर दूध-पोह्यांवर. घरमालकांना त्याचा पत्ताही नव्हता, ते डबे मोजत होते. मग एका संध्याकाळी माझ्या दारात काकू. हातात पिठाची पिशवी.

"बाई, तुमचा स्टो मोकळा हाय का?"

मी बाजूला झाले. काकूंनी उंबरा ओलांडला. कोपऱ्यात फळीवर आमची बुद्धाची मूर्ती, तिच्याकडं त्यांनी क्षणभर बघितलं, आणि पदर खोचून स्टोपाशी बसल्या. त्यांची परात गुंतली होती म्हणून मी आमची पुढं केली. त्यांनी पीठ घेतलं. "पाणी द्या," म्हणाल्या. मी माठातून तांब्या भरून दिला. त्यांनी पिठात हवं तेवढं घातलं आणि उरलेलं पाणी तांब्या वर धरून गटागटा पिऊन टाकलं. दमल्या होत्या बिचाऱ्या. मी हात कुठं ठेवावेत ते न कळून उभी होते. हे दारापर्यंत आले, आतलं बघितलं आणि पाय न वाजवता मागं फिरले.

काकू पीठ मळायला लागल्या तोच पलीकडून हाक आली, "ओ बाई! तुमच्याकडं एखादी मोठी परात आहे का?"

काकूंचे हात थांबले. पिठानं भरलेलं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं.

"न्हाई म्हणून सांगा," त्या माझ्याकडं न बघता पुटपुटल्या. "एकदा घेतली की परत यायची न्हाई."

मी मधल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "नाही हो काका. आमच्याकडं परात नाही."